ओपन हाऊस आणि बेरबेरे

गुरुदत्तला घरात फोडणीचा वास चालत नाही. हे वाक्य मी चौदा वर्षं लोकांना हसत हसत सांगत आले. आता ते सांगताना हसू येत नाही, डोकं फिरतं. म्हणून काय झालं ते एकदा सांगूनच टाकते.

गुरुदत्त म्हणजे माझा नवरा. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, माझ्या आईच्या आजारपणात एका शब्दाने न विचारता त्याने मला पुण्याला पाठवलं होतं. पण अमेरिकेतल्या त्याच्या पहिल्या नोकरीत कोणीतरी त्याच्या जॅकेटजवळ नाक नेलं आणि 'काल रात्री तू काय जेवलास ते मी सांगू शकतो' असं म्हणून सगळ्यांसमोर हसलं. त्या हसणाऱ्याला गुरुदत्त काही बोलला नाही. घरी येऊन मला मात्र म्हणाला, "उद्यापासून फोडणी बाहेर."

फ्रीमाँटचं हे टाउनहाऊस घेतलं तेव्हा किचन बघून मी हरखून गेले होते. ग्रॅनाइटचा ओटा, चार बर्नरचा गॅस, खिडकीतून दिसणारे डोंगर. त्या गॅसवर आजवर चहा झाला, दूध तापलं, पास्ता उकडला. फोडणी मात्र खाली गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीन आणि गुरुदत्तची सायकल यांच्या मधोमध टेबल टाकून, कॅम्पिंगच्या शेगडीवर. शटर अर्धं वर. त्यासाठी वेगळा गाऊन आणि केसांना रुमाल. वरण वरच्या मजल्यावर शिजवायचं, पातेलं धरून जिना उतरायचा, फोडणी द्यायची आणि परत जिना चढायचा. आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायका असंच करतात. एकीने तर गॅरेजमध्ये टाइल्स बसवून घेतल्या आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्यांना खाली नेऊन त्या दाखवल्या. आम्ही सगळ्या 'किती छान' म्हणालो. मीही म्हणाले.

मला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. वाटायला लावलं ते त्सिगेने.

त्सिगे आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. इथिओपियाची. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, एकुलती एक मुलगी साबा. त्सिगे कम्युनिटी कॉलेजात हिशेबाचं काम करते आणि शेजारच्या घरात भाड्याने राहते. सुरुवातीला आमचं नुसतं हात हलवण्यापुरतं होतं. एका संध्याकाळी मी गॅरेजमध्ये मोहरी तडतडवत होते, ती गाडी लावून वाकून शटरखालून आत आली आणि म्हणाली, "तुझ्या घराला किचन नाहीये का?" आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत.

"आहे की."

"मग इथे काय करतेस?"

"घरात वास राहतो ना."

"माणसं राहतात तिथे वास राहणारच," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला तिचा भयंकर राग आला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला हिला सांगितलंय कोणी, असं मी पातेलं घेऊन जिना चढताना मनातल्या मनात म्हटलं. आणि त्या दिवसापासून प्रत्येक वेळी जिना चढताना मला तिचं वाक्य आठवायला लागलं.

दोन दिवसांनी तिनेच दार वाजवलं आणि काचेची एक बरणी माझ्या हातात दिली. लालभडक, जरासा काळपट झाक असलेला मसाला. "बेरबेरे," ती म्हणाली. मी झाकण उघडून हुंगलं. मिरची, मेथी, धणे, आलं-लसूण, कांद्याचं बी, आणि मागून येणारा एक ओळखीचा वास.

"यात ओवा आहे," मी म्हटलं.

तिला ओवा हा शब्द माहीत नव्हता. मी धावत जाऊन माझा डबा आणला, तिने चिमूटभर चोळून पाहिला आणि खूश होऊन मान डोलावली.

"मिरचीच्या मसाल्यात ओवा कोण घालतं?" मी म्हटलं.

"डाळीत गूळ कोण घालतं?" ती म्हणाली. मागच्या दिवाळीला शेजारधर्म म्हणून मी फराळाबरोबर पाठवलेली आमटी तिने बहुतेक चाखली होती आणि तेव्हा ती काही बोलली नव्हती.

तिथून आमचं जमलं ते जमलंच.

२००७च्या उन्हाळ्यात साबाचं लग्न ठरलं. मुलगा ओकलंडचा, त्यांच्याच लोकांतला. त्सिगेची थोरली बहीण अल्माझ आदिस अबाबाहून आली, आणि तिच्या बॅगेत कपडे कमी आणि सुक्या मिरच्या जास्त होत्या. लग्नातला मान असतो डोरो वॉटला, म्हणजे अंडी घातलेल्या कोंबडीच्या दाट रश्श्याला. तो रस्सा मुलीच्या आईने स्वतः केलेल्या बेरबेरेचा असावा असं त्सिगेच्या घरात होतं. तिच्या आईने तिच्यासाठी केला होता, आजीने आईसाठी. जावयाकडची माणसं पहिला घास घेऊन काय म्हणतात यावर त्या बायकांचा जीव टांगलेला असतो. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या लग्नात रुखवतातल्या चिरोट्यांकडे सासूबाई कशा बघत होत्या ते मी अजून विसरले नाही.

बेरबेरे म्हणजे मिरची कुटली आणि डबा भरला असं नसतं. मिरच्या निवडायच्या, पुसायच्या, जाडसर कुटायच्या. मग त्यात ओलं आलं, लसूण, छोटे कांदे, त्यांच्याकडची एक तुळस आणि सतापाची उग्र वासाची पानं असं सगळं वाटून कालवायचं आणि झाकून मुरू द्यायचं. ती मुरलेली ओली लाल भरड मग उन्हात पसरून पार कडकडीत वाळवायची. वाळलं की मंद आचेवर भाजायचं, बाकीचे मसाले वेगळे भाजायचे आणि सगळं एकत्र दळायचं. यातली नाजूक पायरी वाळवणाची. लसूण-कांद्याचा ओलावा असतो, तो राहिला तर बुरशी. एकदा कालवलं की माघार नाही.

त्सिगे आणि अल्माझने पॅटिओत पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि भरड पसरली. सगळ्या गल्लीत वास सुटला. मी गॅरेजचं शटर पूर्ण वर करून तो वास घेत उभी राहिले. मला बरं वाटत होतं.

गुरुदत्तला बरं वाटत नव्हतं. त्याला घर विकायचं होतं. इथून जवळच्याच डब्लिन गावात मोठं, स्वतंत्र, चारी बाजूंनी मोकळं घर त्याने बघून ठेवलं होतं, पण बाजार पडायला लागला होता आणि रोज संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर घरांचे भाव बघून उसासे टाकायचा. घर विकून देणाऱ्या आमच्या रिअल्टर बाईने ओपन हाऊसचा, म्हणजे गिऱ्हाइकांनी येऊन घर बघायचा, शनिवार ठरवला आणि सूचना दिल्या. फोटो भिंतीवरून काढा. देवघर कपाटात हलवा. आठवडाभर घरात काही शिजवू नका, आणि त्या दिवशी सकाळी ओव्हनमध्ये व्हॅनिलाच्या कुकीज भाजा, म्हणजे येणाऱ्याला घरपण जाणवतं. गणपतीची मूर्ती टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं. पण मी ठेवली. आठवडाभर सँडविच खाऊन राहायलाही मी तयार झाले.

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात आमच्या असोसिएशनची, म्हणजे सोसायटीची, मॅनेजर बाई, हातात पॅड, चेहऱ्यावर साखर.

"मिसेस किर्टने, जरा अवघड विषय आहे," ती आमच्या आडनावाची नेहमीसारखी मोडतोड करत म्हणाली. "तुमच्या घरातून येणाऱ्या करीच्या वासाबद्दल तक्रार आली आहे."

आदल्या दिवसापासून घरात गॅस पेटला नव्हता. तरी पहिल्यांदा काय वाटलं असेल तर शरम. चौदा वर्षं पातेली घेऊन जिने चढले, तरी शेवटी वास निघालाच बाहेर, असं वाटलं. तेवढ्यात गुरुदत्त मागून घाईघाईने आला.

"आमचं घर नाही ते," तो म्हणाला. "शेजारचं. पलीकडचं. पॅटिओत चादरी आहेत बघा."

बाईने पॅडवर बघितलं आणि मग त्याच्याकडे. "ओह! फोन तुम्हीच केला होतात, नाही का? मिस्टर किर्टने. माझा गोंधळ झाला. वास आणि तुमचं नाव... मला वाटलं तक्रार तुमच्याबद्दलच आहे."

ती हसली. गुरुदत्तही हसला. खरंच सांगते, तो हसला.

"काळजी करू नका," बाई पुढे म्हणाली. "मी सगळ्यांनाच नोटीस लावते. पॅटिओ, ड्राइव्हवे, गॅरेज, कुठेही शिजवणं-वाळवणं नाही. स्वयंपाक किचनमध्येच."

ती शेजारच्या दाराकडे वळली. मी दार लावलं आणि गुरुदत्तकडे वळले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"फोन तू केलास?"

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. शेजारी एवढंच म्हटलं."

"शेजारी आपल्याला एकच आहेत, गुरू!"

"शरयू, जरा प्रॅक्टिकल विचार कर. बायर दारातून आत आला की पहिला वास घेतो. पुढच्या शनिवारी हा वास असाच राहिला तर ओपन हाऊस कॅन्सल करावं लागेल."

"तिच्या मुलीच्या लग्नाचा मसाला आहे तो."

"मग विकत घ्यावा. ओकलंडला रेडिमेड मिळतो. मी चेक केलंय."

त्याने चेक केलं होतं. फोन करण्याआधी या माणसाने शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला रेडिमेड मसाला कुठे मिळतो ते बघून ठेवलं होतं आणि आपण फार समजूतदारपणा केला असं त्याला वाटत होतं.

"आपल्या लग्नात माझ्या आईने रुखवत दुकानातून आणलं असतं तर तुझी आई काय म्हणाली असती?"

"ते सोलापूर होतं."

"तिथे मिरच्या वाळत घातल्या नव्हत्या तुझ्या अंगणात? तुझ्या आईच्या मसाल्याला काय गुलाबाचा वास यायचा?"

"म्हणूनच," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "म्हणूनच मला नकोय तो वास. तुझ्या कपड्यांना येत होता म्हणून तुला कोणी हसलं नाही. मला हसले."

मला क्षणभर वाईट वाटलं त्याच्याबद्दल. मग आठवलं की त्याला हसणारा माणूस कुठेतरी मजेत राहतोय आणि नोटीस त्सिगेच्या दाराला लागतेय. वाईट वाटायचं थांबलं.

सोमवारी पहाटेच गुरुदत्त कामासाठी ऑस्टिनला गेला. शनिवारी सकाळी परत येणार होता. मी ऑफिसला दांडी मारून त्सिगेकडे गेले.

दार अल्माझने उघडलं. घरात आंबूस वास कोंडला होता. त्सिगेने भरड पॅटिओतून उचलून बेडरूममध्ये, हॉलमध्ये, बाथरूममध्ये थाळ्यांत पसरली होती आणि तीन पंखे लावले होते. तिच्या घराला ऊन कसलं ते माहीत नाही, सगळ्या खिडक्या उत्तरेला. घरमालकाचा फोनही आला होता. पुन्हा तक्रार आली, घरात काही भाजलं-बिजलं, तर लीज वाढवणार नाही, असं त्याने सांगितलं होतं.

"हात लावून बघ," त्सिगे म्हणाली. मी लावला. वरून कोरडं, आत ओलं. एका थाळीच्या कडेला पांढरट दिसायला लागलं होतं. अल्माझने ती थाळी उचलली आणि कचऱ्यात उपडी केली.

"फोन कोणी केला, माहितेय तुला?" त्सिगेने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने."

तिने हातातली थाळी खाली ठेवली.

"ख्रिसमसला माझ्याकडे त्याने दोनदा वाढून घेतलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"रस्सा पोळीने पुसून खाल्ला होता."

"हो, त्सिगे."

मी थाळ्या उचलायला लागले. "माझ्या बेडरूमला दिवसभर ऊन येतं," मी म्हटलं. "मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत. खोली भट्टीसारखी तापते. चल."

"तुझ्या नवऱ्याला चालेल?"

"तो ऑस्टिनला आहे."

"मी ते विचारलं नाही."

"नाही चालणार," मी म्हटलं. "चल."

ओपन हाऊससाठी रिअल्टरने बेडरूम सजवून दिली होती. पांढरी दुलई, पांढऱ्या उशा, उशाशी फुलदाणी. आम्ही दुलई गुंडाळून कोपऱ्यात टाकली, पलंगावर आणि जमिनीवर माझ्या जुन्या चादरी अंथरल्या आणि लाल भरड पसरली. पलंगभर मिरची. अल्माझ उशी बाजूला करता करता पहिल्यांदा हसली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, या पलंगावर आता कोणी झोपणार नाही," त्सिगे म्हणाली. तिला मात्र हसू आलं नाही.

मी त्या दिवसांत हॉलमधल्या सोफ्यावर झोपले. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी भरड हाताने उलटीपालटी करायची, संध्याकाळी त्सिगे येऊन बघायची, चिमटीत घेऊन कानाशी कुस्करायची. शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "झालं. वाजतंय. आत्ता भाजलं तरी चालेल."

"आज उशीर झालाय," मी म्हटलं. "उद्या सकाळी. माझ्या किचनमध्ये. निवांत."

शुक्रवारी भाजता आलं असतं. चांगलं दोन तासांचं काम होतं आणि मला कुठे जायचं नव्हतं. पण मला शनिवारच हवा होता. शनिवारी काय आहे ते मी त्सिगेला सांगितलं नाही.

सकाळी मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्टुलावर चढून स्मोक अलार्मची बॅटरी काढली. मग चारही बर्नर पेटवले. दोन लोखंडी तवे माझे, एक मोठी कढई त्सिगेची, चौथ्यावर वरणाचा कुकर. ती एका हाताने भरड परतत होती आणि दुसऱ्या हाताने आच कमी-जास्त करत होती. अल्माझ मेथी, धणे, ओवा वेगवेगळे भाजून परातीत काढत होती. मिरचीचा असा खकाणा उठला की आम्ही तिघी एकदमच खोकायला लागलो. नाकाडोळ्यांतून पाणी, घसा पेटलेला. मी उलथनं हातात घेऊन माझ्या ग्रॅनाइटच्या ओट्याशी उभी होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा मी या किचनमध्ये खराखुरा स्वयंपाक करत होते.

गॅरेजचं शटर उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं, मग ठसका, मग परत ठसका. गुरुदत्त किचनच्या दारात आला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात निळे-पांढरे फुगे आणि काखेत 'ओपन हाऊस' लिहिलेली पाटी.

"हे काय चाललंय?" त्याने मराठीत विचारलं. मग त्सिगेकडे बघून इंग्रजीत, एकदम गोड आवाजात, "हॅलो, त्सिगे."

त्सिगेने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती पाटीकडे बघत होती.

"आज ओपन हाऊस आहे?" तिने मला विचारलं.

मी तव्यातली भरड परतायला लागले.

"आज तुझं घर दाखवायचं आहे, आणि तू मला आज बोलावलंस?" तिचा हात थांबला नाही, कढईतली भरड ती परततच होती, पण आवाज असा झाला की अल्माझनेही मान वर केली. "माझ्या मुलीच्या लग्नाचा मसाला आहे हा, शरयू. तुमच्या भांडणातला दगड नाही."

"त्सिगे, मला फक्त..."

"तुला त्याला धडा शिकवायचा होता. शिकव. तुझ्या मिरचीने शिकव." तिने आच आणखी बारीक केली. "गॅसवर नसती ना ही, तर मी आत्ता उचलून घेऊन गेले असते."

तिचं बरोबर होतं. गुरुदत्तने तिला न विचारता फोन केला आणि मी तिला न विचारता शनिवार ठरवला. मला तिथल्या तिथे स्वतःचा राग आला, पण गुरुदत्तवरचा राग काही त्यामुळे कमी झाला नाही. दोन्ही राग एकत्र झाले.

"सॉरी," मी म्हटलं.

"नंतर," ती म्हणाली. "तवा बघ, करपेल."

मी तवा बघितला. गुरुदत्त खिडक्या उघडत सुटला होता. एक्झॉस्ट लावला, पंखा लावला, कुठूनसा स्प्रे काढला आणि हवेत फवारायला लागला. अल्माझने त्याच्या हातातून तो डबा काढून घेतला, मसाल्याच्या परातीवर ताट झाकलं आणि डबा सिंकखाली ठेवून दिला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा चेहरा त्याला समजला असावा. तो बाजूला झाला.

"लोक यायची वेळ झाली," तो मला मराठीत म्हणाला. "तू मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात खाली बेल वाजली. रिअल्टर बाई अजून यायची होती. गुरुदत्तने केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरला. वर घेऊन आला ते एक तरुण जोडपं होतं, शंतनू आणि हिमानी. दोघंही पुण्याचे, शंतनू सॅन होजेला नोकरीला. म्हणजे ज्या गोऱ्या गिऱ्हाइकासाठी देव कपाटात गेले होते ते बाजूलाच राहिलं.

"अरे वा, काका, तुम्ही मराठी!" शंतनू म्हणाला आणि खोकला. "बाप रे. वास... म्हणजे, यार, नेहमीच असा असतो का?"

"छे छे!" गुरुदत्त म्हणाला. "हे फक्त आज. शेजारी आलेत, लग्नाचं काहीतरी चाललंय. नाहीतर चौदा वर्षांत या किचनमध्ये एकदाही फोडणी पडलेली नाही. ओटा बघा, नवा कोरा आहे. सगळं खाली गॅरेजमध्ये. मी सगळी सोय करून ठेवलीये. चला, दाखवतो."

अभिमानाने सांगत होता. माझी चौदा वर्षं तो ग्रॅनाइटसारखी विकत होता.

"ग्रेट!" शंतनू म्हणाला. "हिमानी, ऐकलंस? तुला गॅरेजमध्ये करता येईल. घरात वास नको."

हिमानी ओट्याजवळ येऊन कढईत बघत होती.

"पातेलं घेऊन जिना चढायचा?" तिने विचारलं.

"सवय होते," गुरुदत्त म्हणाला. "काकूंना विचार."

माझ्या हातातलं उलथनं मी ओट्यावर आपटलं. आवाज केवढा तरी मोठा झाला.

"नाही होत सवय," मी म्हटलं. "मला झाली नाही. झाली असं मी सगळ्यांना सांगितलं. थंडीत शटर उघडं टाकून स्वेटरवर गाऊन चढवून मी फोडण्या दिल्यात. एकदा गरम आमटीचं पातेलं घेऊन याच जिन्यावर घसरले, ही भाजल्याची खूण बघ, अजून आहे. यांना तेव्हा काळजी कसली, तर कार्पेटला वास राहील याची. आणि गॅरेजची ती सोयसुद्धा आता बंद झालीये. असोसिएशनची नोटीस लागलीये, स्वयंपाक फक्त किचनमध्ये. ती कोणामुळे लागली ते काकांनाच विचारा. स्वतः फोन करून लावून घेतलीये."

"शरयू, लोकांसमोर नको," गुरुदत्त म्हणाला. "आपण नंतर बोलू."

"घर दोघांच्या नावावर आहे," मी शंतनूला म्हटलं. "विकायला माझी सही लागते. मी करणार नाही. तुमचा शनिवार फुकट गेला, सॉरी."

शंतनू एकदा माझ्याकडे, एकदा गुरुदत्तकडे बघत राहिला. "चल, हिमानी," तो हळूच म्हणाला. "दुसरी घरं आहेत. अजून मोठं गॅरेज मिळेल."

"मला गॅरेज दाखवू नकोस," हिमानी म्हणाली. ती त्याच्या पुढे होऊन जिना उतरली. तो तिच्या मागोमाग धावला, आणि खाली दारापर्यंत दोघांचे आवाज ऐकू येत होते.

त्सिगेला मराठी शब्द कळले नव्हते, पण बाकी सगळं कळलं होतं. तिने गॅस बंद केला. कढईतली भरड परातीत ओतली, वरून भाजलेले मसाले घातले आणि हाताने सगळं एकत्र केलं. चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवलं, अल्माझला दिलं. अल्माझने डोळे मिटले आणि मान हलवली. जमलं होतं. चर्चमधल्या एका बाईकडे दळायचं मशीन होतं, तिथे घेऊन जायला त्या निघाल्या. दारातून त्सिगे परत वळली.

"मी अजून तुझ्यावर रागावलेय," ती म्हणाली.

"माहितेय."

"लग्नाला वेळेवर ये. मला रस्सा ढवळायला माणूस लागेल."

त्या गेल्यावर किचनमध्ये आम्ही दोघंच उरलो. गुरुदत्त फुग्यांची दोरी हाताला गुंडाळत उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. मिरचीने की कशाने, मी विचारलं नाही.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"आता जेवायचं. आठवडाभर मी सँडविच खातेय." मी कुकर उघडला. वरण मी सकाळीच लावून ठेवलं होतं. ते पातेल्यात काढलं, घोटलं, मीठ-हळद घातली आणि गॅसवर ठेवलं. छोटी कढई त्याच्यासमोर सरकवली. "फोडणी तू दे. इथे."

तो हसेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. त्याने फुगे सोडले, ते छताला जाऊन चिकटले. त्याने कढईत तेल घातलं, जरा जास्तच घातलं. मग ओट्यावर बघितलं, वरची कपाटं एकामागून एक उघडली. मग खालची. सगळे डबे बघून झाले.

"मोहरी कुठे असते?" त्याने विचारलं.

"खाली," मी म्हटलं. "गॅरेजमध्ये. चौदा वर्षं तिथेच आहे."

तेल तापायला लागलं होतं. त्याने गॅस बारीक केला आणि जिना उतरून खाली गेला.